जिभलीचा कोरडा उन्हाळा

हाताशी पाणी आलं की तिचा हात आपोआप शिंपडायला निघायचा. एकदा दवाखान्यात नवऱ्याच्या छातीचा फोटो निघायची वाट बघत बसली होती, तर बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन तिने बाकासमोरच्या फरशीवर सपकन मारलं. नर्सने डोळे वटारले तेव्हा तिला कळलं की हे आपण केलं. मग ओशाळून रुमालाने फरशी पुसत बसली. खाणीत तिला सगळे पाणीवाली म्हणायचे ते उगीच नव्हे.

तिचं काम टँकरवरचं. टँकरच्या मागच्या पायरीवर उभं राहायचं, जाड पाइप काखेत दाबायचा आणि क्रशरपासून वजनकाट्यापर्यंतच्या रस्त्यावर पाणी मारत जायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणावं. पाणी जास्त झालं की चिखल होतो, भरलेला डंपर घसरतो आणि मुकादम आईबापांचा उद्धार करतो. कमी झालं की पुढचा डंपर मागच्याला दिसत नाही. मनगट असं फिरवावं लागतं की धूळ बसली पाहिजे आणि माती भिजता कामा नये. ते मनगट तिला साधलं होतं. ती रजेवर असताना दोघांनी पाइप धरून पाहिला, दोघेही बादली उपडी करावी तसं ओतायचे.

दगडखाणीच्या खाली कामगारांच्या खोल्यांची रांग होती. डोक्यावर पत्रा, पुढे एक खाट मावेल एवढं अंगण आणि अंगणाला कमरेएवढी भिंत. क्रशर सुरू असला की वाऱ्याबरोबर पांढरी पूड यायची. ती भांड्यांवर बसायची, उशांवर बसायची, उघडं दूध ठेवलं तर त्याच्या सायीवर बसायची. म्हणून त्या रांगेत प्रत्येक दारात पाण्याची बादली. सकाळी उठलं की अंगण शिंपायचं, दुपारी शिंपायचं, दिवे लागताना शिंपायचं. जी बाई शिंपणार नाही तिला इतर बायका आळशी म्हणायच्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

तिचा नवरा त्याच खाणीत ड्रिल चालवायचा. सुरुंगासाठी दगडात खोल भोकं पाडायची हा त्याचा धंदा, म्हणून दोस्तमंडळी त्याला भोकमास्तर म्हणायची आणि तोही हसून ओ द्यायचा. ड्रिलला पाण्याची एक नळी असते. भोक पाडताना टोकाशी पाणी सोडलं की दगडाची पूड उडत नाही, गाळ होऊन खाली बसते. पण गाळाने काम रेंगाळतं आणि ओल्या भोकात सुरुंगाची दारू नीट बसत नाही, म्हणून मुकादमाने ती नळी काढून कोठारात टाकली होती. भोकमास्तर वर्षानुवर्षं कोरडं ड्रिल चालवत राहिला. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या. आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर त्याचीच बायको टँकरभर पाणी रस्त्यावर मारत असायची. रस्त्याला पाणी होतं, कारण रस्त्यावरून मालकाची गाडी जायची.

एकदा तिने पाइप वळवला होता. टँकर त्याच्याजवळून जात असताना तिने सरळ त्याच्या ड्रिलवर फवारा धरला. तो नखशिखान्त भिजला आणि खो खो हसत सुटला.

"ओ बाई," मुकादम वरून ओरडला, "नवऱ्याला आंघोळ घरी घाला!"

सगळे हसले. तीही हसली. पुढे त्या हसण्याची तिला चीड यायची, पण तेव्हा हसली हे खरं.

खाणीच्या डोंगराची दक्षिणेकडची उतरण अजून शिल्लक होती. तिथे मातीपेक्षा दगडच जास्त. त्या दगडांच्या फटींत एक रानफूल यायचं. तिथला पाऊस थंडीत पडायचा. थंडी सरली की तलवारीच्या पात्यासारख्या पानांतून एकेक दांडा वर यायचा आणि त्यावर एकच फूल. गडद जांभळं, सावलीत बघितलं तर काळंच. तीन पाकळ्या वर मिटलेल्या आणि तीन खाली लोंबणाऱ्या, एखाद्याने जीभ बाहेर काढून वेडावावं तशा. म्हणून कामगार त्याला जिभली म्हणायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी भोकमास्तरने एक जिभली तोडून गुपचूप तिच्या पाइपच्या तोंडात खोचली होती. तिला काय माहीत? तिने पाणी सोडलं, आणि फूल सुसाट जाऊन मुकादमाच्या पाठीवर चिकटलं. तो दिवसभर पाठीवर फूल घेऊन सगळ्यांवर ओरडत फिरला. एवढी एक प्रेमाची गोष्ट त्या दोघांकडे होती, आणि ती त्यांना जन्मभर पुरली.

मग त्याची छाती बोलायला लागली. आधी चढावर दम लागायचा, मग सपाटीवर, मग अंगावर शर्ट चढवताना. डॉक्टरने फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाला, "फुप्फुसात दगडाची पूड बसली आहे. ती आता निघत नाही. जितकी कमी धूळ जाईल तितके दिवस जास्त." खाणीने त्याला घरी बसवलं. खोलीत पत्र्याखाली भट्टी पेटल्यागत व्हायचं आणि आडवं झालं की त्याचा जीव कोंडायचा, म्हणून त्याची खाट अंगणात आली. भिंतीला उशी लावून तो दिवसभर डोंगराकडे बघत बसायचा.

मुलगी शहरात शिवणाच्या कारखान्यात होती. ती सुट्टीला आली की एकच धोशा लावायची. "बाबा, माझ्याकडे चला. तिथं धूळ नाही."

"तुझ्या त्या तिसऱ्या मजल्यावर मला उचलून कोण नेणार?"

"माणसं लावून नेईन. तुम्ही हो तर म्हणा."

तो हो म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता. असाच होता तो आधीपासून.

एके दिवशी, जिभलीची फुलं नुकतीच सुकली होती, तेव्हा तो बायकोला म्हणाला, "अगं, उद्यापासून ती उतरण उडवणार म्हणे."

"उडवू द्या. तुमचं काय अडलंय त्याच्यावाचून?"

"जिभली फक्त तिथंच उरली आहे." तो थांबला, दम खाल्ला. "एखादा गड्डा आणून देतेस?"

"फुलं लावायचे दिवस आहेत का हे आपले?"

"सगळ्या डोंगराला भोकं मी पाडली," तो म्हणाला. "त्याचं काहीतरी राहू दे की."

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती पहार घेऊन वर गेली. गड्डे खोल नव्हते. जमिनीवरच, अर्धे उघडे, उन्हात पाठ शेकत पडल्यासारखे होते. फक्त खालची मुळं दगडांत लांब घुसली होती. तिने पहार घालून एक मोठा झुबका सुटा केला, पाटीत घातला आणि ओल्या गोणपाटाने झाकला. दुसऱ्या दिवशी उतरण उडाली. रांगेतली भांडी नेहमीसारखी खणखणली आणि नेहमीसारखी पूड आली.

तिने झुबका अर्ध्या कापलेल्या पिंपात लावला. चांगली काळी माती आणली, शेणखत घातलं, गड्डे छान खोल पुरले आणि वरून माती ओढून घेतली. मग पाणी. सकाळी अंगण शिंपताना, दुपारी शेजारणीकरवी, संध्याकाळी शिंपताना त्या पिंपातही तांब्याभर. आठवड्याभरात पानं पिवळी पडू लागली. तहानेनेच, तिला वाटलं. तिच्या सगळ्या आयुष्यात जे जे वाईट झालं होतं ते कोरडेपणाने झालं होतं. तिने आणखी पाणी घातलं.

भर उन्हाळ्यात पिंपाला वास यायला लागला. तिने माती उकरली तर गड्डे बोटाला चिखलासारखे लागले. खाटेवरून तो बघत होता, आणि त्याला बघू देऊ नये म्हणून ती मध्ये उभी राहिली. शेवटी कुजलेल्या गोळ्यांतून जरा टणक लागणारे तेवढे पिशवीत भरून ती रोपवाटिकेत गेली.

रोपवाटिकेतला माणूस तिरसट होता. त्याने एक गड्डा अंगठ्याने दाबला, नाक मुरडलं आणि विचारलं, "पाणी किती घालत होता?"

"रोज. तीनदा."

"तीनदा! मासा पाळलाय का?" त्याने गड्डे एकेक करून फेकून दिले. "ही रानातली आयरिस आहे. बागेतल्या आयरिससारखी सोशिक नाही. उन्हाळा म्हणजे हिची झोप. पानं पिवळी पडली की समजायचं, झोपली. तेव्हापासून थंडी पडेपर्यंत थेंब नाही दाखवायचा. आजूबाजूची जमीनसुद्धा कोरडी ठणठणीत हवी. झोपेत पाणी लागलं की कुजते."

"मग पाणी कधी?"

"थंडीत नवीन पात फुटली की. तेव्हापासून फूल येईपर्यंत घाला, पोटभर घाला. तेव्हा काही होत नाही तिला."

सगळ्यात शेवटी अंगठ्याएवढा एक तुकडा त्याच्या बोटाखाली दबला नाही. त्याने तो चाकूने पांढऱ्या गरापर्यंत तासला, कापाला कोळशाची पूड चोळली आणि तिच्या हातावर ठेवला. "चार दिवस सावलीत सुकवा. मग जमिनीत लावा, पिंपात नको. हिची मुळं लांब जातात. माती निम्मी आणि खडी निम्मी. खत नाही. गड्डा आडवा ठेवायचा, पाठ उघडी, दिवसभर ऊन लागलं पाहिजे. आणि एकदा लावल्यावर हलवायचं नाही. जगली तर पुढच्याच्या पुढच्या वर्षी फुलेल."

घरी येऊन तिने हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो हसता हसता खोकला. "अगं, डोंगरावर तुझा टँकर जात होता का कधी?"

"आधी का नाही बोललात मग?"

"तू इतक्या हौसेने घालत होतीस." हे त्याचं उत्तर. तिला त्याच्या तोंडावर बादली उपडी करावीशी वाटली.

खडीला काय तोटा? अंगणाच्या भिंतीपाशी, जिथे दिवसभर ऊन असायचं, तिथे तिने खड्डा खणला, खडी भरली आणि तो अंगठ्याएवढा तुकडा पाठ उघडी ठेवून बसवला. थंडीत पहिला पाऊस पडून गेल्यावर त्यातून हिरवं टोक आलं. दोघांनी ते मोठ्या माणसांनी करू नये असं कौतुक करत पाहिलं. वसंतात पानं चांगली वीतभर झाली; फूल आलं नाही, येणारही नव्हतं. मग पानं पिवळी पडली आणि दुसरा उन्हाळा लागला.

आता खरी पंचाईत आली. अंगण एवढंसं. इथे खाट, तिथे जिभली, मध्ये दोन पावलं. त्याच्या छातीसाठी अंगण भिजलेलं हवं आणि जिभलीसाठी कोरडं. सकाळ-संध्याकाळ वारा पडलेला असायचा, तेव्हा नुसतं दाराशी शिंपलं तरी भागायचं. पण भर दुपारी वारा क्रशरकडून सरळ रांगेवर यायचा. दुपारचं शिंपण म्हणजे त्याचा श्वास, आणि ते भिंतीपर्यंत, सगळीकडे मारावं लागायचं. दुपारी ती टँकरवर असायची. तिच्याऐवजी शेजारीण शिंपायची. डंपरवाल्याची बायको, जिभेची सैल पण हाताची सढळ.

"दुपारचं शिंपण बंद कर म्हणावं तिला," तो म्हणाला.

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"मी काय, आज ना उद्या जाणारच आहे. ती राहील."

"मला ती नको, तुम्ही हवे आहात!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारीण भांडी घासायची थांबली. मग ती उठली आणि जिभलीभोवती चपट्या दगडांची रांग उभी करू लागली. खोल ठोकून बसवली, फटींत सिमेंट लिंपलं. शेजारणीला बजावलं, "शिंपायचं, पण दगडांच्या आत थेंब उडता कामा नये." तिला वाटलं, दोन्ही साधेल. मुलगी आली तेव्हा त्याने तिला सांगून टाकलं, "जिभली फुलली की येतो तुझ्याकडे. नक्की." मुलगी आईवर चिडली, जणू आईनेच ते झाड मध्ये घातलं होतं.

त्या उन्हाळ्यात ती संध्याकाळी आली की आधी जिभलीकडे वाकायची. गड्डा कडक, कोरडा, उन्हाने तपकिरी झालेला. नखाने टोचलं तर टणक. "बघा," ती फुशारकीने म्हणायची, "जमवलं की नाही दोन्ही?"

"जमवलंस खरं," तो म्हणायचा.

त्याची तब्येत मात्र उतरत चालली होती. रात्री तो बसूनच झोपायचा. खाटेच्या दांडीवर एक ओलं फडकं असायचं, ते संध्याकाळपर्यंत राखेच्या रंगाचं झालेलं असे. "हे काय?" तिने एकदा विचारलं. "तोंड पुसलं," तो म्हणाला. तिने फडकं धुऊन वाळत घातलं. आजार वाढतोय, तिला वाटलं, डॉक्टरने सांगितलं होतंच. ती सकाळचं शिंपण वाढवायची, दाराशी दोनदा मारायची.

उन्हाळा संपता संपता, एका सकाळी, ती कामावर निघायच्या बेतात असताना तो गेला. ओठ निळे झाले, त्याने तिचं मनगट धरलं, तेच शिंपायचं मनगट, आणि मग धरलेलं सुटलं. खाणीने एक दिवस क्रशर बंद ठेवला. रांगेतल्या सगळ्यांनी सांगितलं की किती दिवसांनी आकाश निळं दिसलं. ते ऐकून तिने आत जाऊन दार लावून घेतलं.

मुलीने नेण्याचा प्रयत्न केला, ती गेली नाही. थंडीत जिभलीला पात फुटली. तिने पाणी घातलं. सांगितलं होतं तसं, काही विचार न करता. थंडी सरत आली तेव्हा पानांच्या मधून एक जाडसर टोक वर आलं, आणि एका दुपारी, ती सुट्टी घेऊन घरी होती तेव्हा, फूल उघडलं. तीन पाकळ्या वर, तीन खाली. डोंगरावरचं फूल, डोंगर आता नव्हता.

शेजारीण भिंतीवरून डोकावली. "आली का गं बाई एकदाची! मास्तर असायला हवे होते. त्यांनी तर हिच्यासाठी केवढं सोसलं."

"सोसलं म्हणजे?"

शेजारीण चपापली. पण जिभेची सैल ती सैलच. "अगं, दुपारचं शिंपण. उन्हाळाभर मी टाकलंच नाही ना. त्यांनीच सांगितलं होतं, नको म्हणून. म्हणाले, दगडांची रांग लावली तरी खालून ओल जाते, मी बोट घालून बघितलंय. मी बादली घेऊन यायचे तर हात जोडायचे. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली मला. मी म्हटलं, अहो धूळ किती! तर म्हणाले, फडकं आहे ना."

पाणीवाली उभी राहिली. मग तिला ते राखेच्या रंगाचं फडकं दिसलं, जे तिने रोज धुऊन पुन्हा दांडीवर टाकलं होतं. आणि "जमवलं की नाही?" म्हणणारा आपला आवाज ऐकू आला.

तिला त्याचा राग आला. इतका राग जिवंतपणी कधी आला नव्हता. फुकट गेलेल्या जन्माला शेवटी निवड करायला मिळाली, तर त्याने एक फूल निवडलं. तिला नाही, मुलीला नाही. तिला त्या फुलाचाही राग आला, जीभ काढून वेडावणाऱ्या त्या थोबाडाचा. डॉक्टर म्हणाला असता, महिना-दोन महिन्यांचाच फरक. पण ते महिने तिचे होते. कोणी तिला विचारलं होतं?

तिने दारातली बादली उचलली आणि जिभलीवर ओतली. सबंध. मग पाण्याच्या पिंपातून दुसरी भरली, तीही ओतली. मग तिसरी. पाणी दगडांच्या रांगेवरून वाहिलं, भिंतीला लागलं, खाटेच्या पायांखालून दारापर्यंत आलं. शेजारीण "अगं, अगं" म्हणत राहिली. हात दुखायला लागले तेव्हा ती थांबली.

जिभलीला काही झालं नव्हतं. पाकळ्यांवरून पाणी निथळत होतं, दांडा ताठ होता. फुलाच्या दिवसांत तिला पाणी चालतं, पोटभर चालतं. तिरसट माणसाने तसं सांगितलंच होतं. पाणी घालायचं नव्हतं तेव्हा तिने जीव लावून घातलं होतं, आणि मारायला म्हणून ओतलं तर ते नेमकं वेळेवर पडलं होतं.

ती खाटेवर बसली आणि रडली, मोठ्याने, शेजारणीसमोर. भर दुपार होती, वारा क्रशरकडून येत होता. तरी अंगणात धुळीचा कण नव्हता. सगळं अंगण भिंतीपर्यंत भिजलं होतं, कुठे चिखल नाही, कुठे कोरडं नाही. इतकं चांगलं शिंपण तिने घरी कधी केलं नव्हतं. उशी अजून भिंतीला लावलेली होती, आणि तिला टेकून श्वास घ्यायला कोणी नव्हतं.